खोकल्याचं लिहिणार नव्हतो

पुणे, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू दोनदा खोकलीस आणि दोन्ही वेळा "थंडी आहे" म्हणालीस. मारबुर्गला थंडी असणारच. पण त्याआधी तूच सांगत होतीस की तळघरातून आलेली बुरशीची बाडं साफ करायचं काम तुझ्याकडे आलंय. खोकल्याचा विषय पत्रात काढणार नाही असं आईला कबूल केलंय, म्हणून इथेच थांबतो.

१९४९ पासून जर्मनीचे अभिलेखपाल जिथे घडतात त्या शाळेत तू आहेस. दोन वर्षांचं प्रशिक्षण, लॅटिन, फ्रेंच, जुनी हस्ताक्षरं. पासपोर्ट बदललास तेव्हा मी जे बोललो ते बोलायला नको होतं.

तू पाठवलेलं टिपण वाचलं. कार्ल डेमांट यांचा रस्ता तुला आपला वाटतो, हे वाचून बरं वाटलं. आयुष्यभर हेसे या जर्मन राज्याच्या अभिलेखागारांत नोकरी आणि त्यातूनच १९५९ साली अख्ख्या हेसेचा इतिहास. तू उशाशी घेऊन झोपतेस ते जुन्या कागदांतलं लॅटिन लावायला मदत करणारं पुस्तकही त्यांचंच. पण मला मोठे वाटतात ते काट्सेनएलनबोगेन घराण्याच्या कागदांच्या सारांशाचे चार खंड, १९५३ ते ५७चे. १४७९ साली घराण्याला पुरुष वारस उरला नाही आणि मुलूख हेसेकडे गेला. प्रत्येक कागदाची तारीख, ठिकाण, देणारा, घेणारा, मजकूर, मुद्रा किती आणि त्यातल्या शाबूत किती, सगळं लिहायचं. हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण प्रादेशिक इतिहास त्याच्यावरच उभा राहतो. त्याच घराण्याच्या र्‍युसेल्सहाइमच्या हिशेबात १३ मार्च १४३५ रोजी रिस्लिंग या वाइनच्या द्राक्षाच्या वेलांसाठी २२ शिलिंग खर्ची पडले. रिस्लिंगचा याहून जुना लेखी उल्लेख माहीत नाही. एका कारकुनानं खर्च लिहिला, एवढंच!

तारखांना मात्र जप. ट्रिअरच्या धर्मप्रांतात वर्ष २५ मार्चला बदलायचं, माइन्त्समध्ये नाताळला. वेलांची नोंद ट्रिअरच्या रिवाजानं झाली असती तर साल १४३४ पडलं असतं. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चमधला कागद हातात आला की आधी प्रांत बघ, मग साल लाव. तुला हे नवं नाही. मोडी कागदांतला शुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे आणि पुढे ६००, हे तू सातवीत असताना तोंडपाठ म्हणायचीस. जर्मनीच्या प्रोटेस्टंट मुलखांत नवी कालगणना घेतली तेव्हा १७०० साली १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च आला, तेही ध्यानात ठेव.

आता बुरशीचं. रागावू नकोस.

बाड आधी पूर्ण सुकलं पाहिजे. ओलसर कागदावर ब्रश फिरवला तर बुरशी निघत नाही, तंतूंत घासली जाते आणि डाग कायमचा बसतो. आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेली की ती वाढायची थांबते, मरत नाही. आणि मेलेले बीजाणूसुद्धा छातीला बाधतात, म्हणून "जुनी आहे, सुकलेली आहे" या बोलण्यावर विसंबू नकोस. हवा चेहऱ्यापासून दूर ओढणाऱ्या कक्षातच बस. व्हॅक्यूम हेपा, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचाच हवा. साधा व्हॅक्यूम मागून बीजाणू खोलीभर फेकतो. ओढ कमी ठेव, नाहीतर सुटलेला तुकडा आत जातो. शिवणीकडून कडेकडे जा, उलट कधीच नको. नायट्राइलचे हातमोजे घाल, एप्रन घरी आणू नकोस. एफएफपी २ मास्क इतरांना पुरेल, तू एफएफपी ३ माग, आणि नाकावरची पट्टी दाबून बसव. तुमच्याकडे या कामासाठी टीआरबीए २४० हा नियमच आहे. कामावरच्या डॉक्टरांना दम्याचं सांगितलंस का? लपवलं असशील तर उद्याच सांग. त्यानं कुणी तुला कमी लेखणार नाही.

पुन्हा तेच झालं. माफ कर. हे सगळं तिथे शिकवतात, तुला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. पण नेब्युलायझर लावून तू माझ्या मांडीवर बसायचीस आणि वाफ संपेपर्यंत पाटीवर मोडी गिरवायचीस. आधी आडवी रेघ पानभर, मग हात न उचलता अक्षरं. यंत्राची घरघर थांबली तरी तुझं बोट थांबत नसे. आता तू कुर्रेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षरातला 'न'सारखा दिसणारा 'ए' ओळखतेस, 'उ'वरची कमान चुकवत नाहीस, हे मी शेजारच्या भाऊंना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आईनं थांबवलं.

सोबत एका मोडी पत्राचा फोटो पाठवतो. दुसऱ्या ओळीतला महिना मला लागत नाही. शाईचा डाग आहे, पण तुला लागेल.

आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्याच दिवशी कळव, रविवारची वाट बघू नकोस.

तुझा,
बाबा