पुण्याचा आणि नागपूरचा निर्वाह खर्च एकच कसा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या सरकारी योजनेत पुण्याला आणि नागपूरला एकच दर आहे, त्याबद्दल लिहितो. माझा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे आणि मुलगी नागपुरात बी. फार्म. करते. दोघांचा महिन्याचा खर्च मी एकाच वहीत समोरासमोर लिहितो. मुलगा नऱ्ह्यात तिघांच्या खोलीत राहतो. त्याच्या कॉटचं भाडं 6,500, दोन वेळच्या मेसचे 3,600 आणि बस व किरकोळ खर्चाचे 1,200 रुपये. मुलीला नागपुरात खोलीच्या वाट्याला 2,800, मेसला 2,800 आणि बाकी 600 लागतात. म्हणजे महिन्याला 5,100 रुपयांचा फरक पडतो, तोच दहा महिन्यांत 51,000 होतो. 2025-26 च्या क्विंटलला 8,110 रुपये हमीभावाने हिशेब केला तर सहा क्विंटलांहून जास्त कापूस झाला. आमच्या कोरडवाहू वावरात एकरी पिकतो तोच जेमतेम पाच-सहा क्विंटल. पूर्ण एकराचा कापूस नुसत्या दोन शहरांमधल्या फरकात जातो, आणि वेचणीची मजुरी त्यात धरलेलीच नाही.

अंतराचाही खर्च असतो, पण तो कोणी मोजत नाही. मुलगी शनिवारी एसटीने घरी येते. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार होतो. परत जाताना ती घरची तुरीची डाळ, तिखट, ज्वारीचं पीठ नेते. मेस बंद असली की खोलीवरच भाकरी टाकते. मुलगा मात्र सहाशे किलोमीटरवर आहे. दिवाळीला एकदा येतो, तेही ट्रॅव्हल्सचं वाढलेलं भाडं भरून. तिथे त्याला चिमूटभर हळदही विकत घ्यावी लागते.

गावातल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज मी भरून देतो, म्हणून हे पत्र. राज्य सरकारच्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत वसतिगृह न मिळालेल्या इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना वर्षाला जास्तीत जास्त 60,000 रुपये मिळतात: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. योजना चांगली आहे आणि ती असल्यामुळे कित्येक घरांतली पोरं शिकत आहेत, हे आधी सांगतो. पण पुणे आणि नागपूर यांना तिच्यात एकच दर आहे. निवासाचे 20,000 दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला 2,000 येतात. नागपुरात तेवढ्यात बरंचसं भाडं निघतं, पुण्यात कॉटचा तिसरा हिस्साही निघत नाही.

सरकारला हा फरक ठाऊक नाही, असं मुळीच नाही. केंद्र सरकार स्वतःच्या कर्मचाऱ्यांना पुण्यात मूळ वेतनाच्या 30 टक्के घरभाडे भत्ता देतं आणि नागपुरात 20 टक्के. पगारदाराला जो न्याय, तो शेतकऱ्याच्या पोराला का नाही? नागपूरची रक्कम कमी करा असं माझं म्हणणं नाही. तीही पुरत नाहीच. पुणे-मुंबईच्या निवासाची रक्कम तिथल्या भाड्याप्रमाणे वेगळी ठरवावी.

'मग पुण्याला पाठवताच कशाला?' असं लोक विचारतात. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या तिकडे जास्त आहेत, म्हणून पाठवतो. तेवढं काम नागपूरच्या मिहान उद्योग प्रकल्पात उभं राहिलं असतं, तर पोराला मी पुण्याला जाऊ दिलं नसतं.

दुसरी मागणी पैसे कधी मिळतात याबद्दल आहे. प्रवेश होतात ऑगस्टच्या सुमारास. पुण्यात तेव्हाच दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याची दलाली एकदम मोजावी लागते. आमचे पैसे त्या वेळी बियाण्यात आणि खतात गेलेले असतात, पऱ्हाटी (कपाशी) पात्या-फुलांवर असते आणि सोयाबीन निघायला ऑक्टोबर उजाडतो. डिपॉझिटसाठी सावकाराकडे किंवा सोनाराकडे जावं लागतं. योजनेचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच विद्यार्थ्याच्या खात्यात जमा झाला, तर मंगळसूत्र गहाण ठेवायची वेळ येणार नाही. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाआधी शासनाने एवढं करावं.

आपला,
एक शेतकरी पालक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ