पहिली स्पोर्ट बाईक चूक पोटात घालणारी असावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या निमित्ताने आपल्या दैनिकात आलेली वाहन पुरवणी वाचली. तिच्यातील निम्म्याहून अधिक जाहिराती स्पोर्ट मोटारसायकलींच्या होत्या आणि त्यांत इंजिनाचे सीसी, मासिक हप्ता व गाडीचा रंग एवढेच ठळक छापले होते. मी कराड परिसरातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्पनिदेशक असून गेली अनेक वर्षे मुलांना दुचाकी दुरुस्ती शिकवतो. पाडव्यापासून दिवाळीपर्यंत ओळखीचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात : "पहिलीच गाडी आहे, पोरगं स्पोर्ट बाईकच पाहिजे म्हणतंय, कुठली घेऊ?" या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

स्पोर्ट बाईकची हौस मला मुळीच गैर वाटत नाही. २००३ साली हीरो होंडाची करिझ्मा रस्त्यावर आली आणि २००८ साली यामाहाची आर१५ आली, तेव्हापासून महाराष्ट्रातील तरुणांना परवडणाऱ्या किमतीत खऱ्या अर्थाने चांगले यंत्र मिळू लागले. वळणात न डगमगणारी चेसिस (गाडीचा सांगाडा), द्रवशीतित इंजिन, नेमके ब्रेक हे सारे या गाड्यांमुळे सामान्य घरापर्यंत पोहोचले. माझे म्हणणे फक्त पहिल्या गाडीपुरते आहे. नवशिक्याच्या हातून चुका होणारच. त्या चुका जी गाडी पोटात घालते ती त्याच्यासाठी चांगली. जी गाडी प्रत्येक चुकीची तिथल्या तिथे वसुली करते ती कितीही उत्तम असली तरी पहिली म्हणून घेऊ नये.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने हट्टाने मोठ्या ताकदीची स्पोर्ट बाईक घेतली. त्याआधी तो घरची स्कूटर चालवत होता. ज्या शोरूममधून गाडी घेतली तिथे त्याला स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीवर बसवून फोटो काढू दिला, पण टेस्ट राईड मागितली तेव्हा "बुकिंग केल्याशिवाय देत नाही" असे सांगितले. ताईने आणि दाजींनी विश्वासाने पैसे भरले. दहा-बारा दिवसांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, गाडी चालू असली की काय वाटत नाही, थांबली की भीती वाटतेय." मी त्याला घराबाहेरच्या रस्त्यावर गाडीवर बसायला सांगितले. सीट त्याच्या उंचीला जास्त होती. दोन्ही पायांचे अंगठे तेवढे टेकत होते आणि रस्ता डावीकडे किंचित उतरता असल्याने डावा पाय जमीन शोधत होता. चारच दिवसांनी पेट्रोलपंपावर रांगेत वळून थांबताना त्याचा पाय वाळूमिश्रित खडीवर घसरला आणि उभी गाडी आडवी झाली. वेग शून्य होता, पण क्लचचा लिव्हर मोडला, डाव्या बाजूच्या फेअरिंगला, म्हणजे अंगावरच्या प्लास्टिकच्या आवरणाला, हातभर तडा गेला, आणि गाडीखाली सापडलेला त्याचा घोटा दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला. साध्या गाडीला अशा पडण्याने ओरखडा आला असता. स्पोर्ट बाईकचे अंग प्लास्टिकच्या पत्र्याने झाकलेले असते आणि तो पत्रा जोडला तरी पूर्वीसारखा होणे अवघड, बहुधा बदलावाच लागतो.

म्हणून येणाऱ्या पालकांना मी पहिली विचारणा सीसीची करू नका, सीटच्या उंचीची करा, असे सांगतो. हा आकडा प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात असतो, मात्र बारीक अक्षरांत. सुझुकी गिक्सर एसएफची सीट ७९५ मिलिमीटरवर, बजाज पल्सर आरएस२०० ची ८१० वर, आर१५ ची ८१५ वर, तर केटीएम आरसी २०० ची ८३५ वर आहे. कागदावर चार सेंटिमीटरचा फरक किरकोळ दिसतो; साडेपाच फुटांहून कमी उंचीच्या मुलाला किंवा मुलीला तो तळवा टेकण्यात आणि नुसता अंगठा टेकण्यात पडणारा फरक असतो. सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे यावरही पाय किती पोहोचतो ते ठरते, त्यामुळे आकड्यावर न थांबता रोजचे बूट घालून स्वतः बसून पाहावे. स्टँड काढावा, गाडी सरळ उभी करावी, बसल्या बसल्या पायांनी ती चार-पाच फूट मागे ढकलावी, आणि हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून अंगठा टाकीला घासतो का ते बघावे. स्पोर्ट बाईकचे हँडल कमी वळते, त्यामुळे गल्लीत गाडी फिरवायला जागा जास्त लागते. हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर लक्षात येत नाही, घराच्या बोळात पहिल्याच संध्याकाळी येते.

बसण्याची ठेवण हा याच विषयाचा दुसरा भाग. हँडल खाली आणि फुटरेस्ट मागे असल्यामुळे शरीराचा भार मनगटांवर येतो. कराडहून पुण्याला जायला हरकत नाही, पण रोज वीस किलोमीटर गर्दीतून कॉलेज करणाऱ्याची महिन्याभरात पाठ आणि मनगटे धरतात, आणि दुखऱ्या मनगटाचा हात ब्रेकवर हलका राहत नाही. गुडघ्यांनी टाकी धरून हातांवरचा भार काढून घ्यायचा असतो, हे नवशिक्याला कोणी शिकवलेले नसते. ज्यांचा वापर मुख्यतः रोजच्या प्रवासाचा आहे, त्यांनी हँडल जरा उंच असलेली गिक्सर एसएफ किंवा नवी करिझ्मा एक्सएमआर यांसारखी गाडी आधी चालवून पाहावी. आर१५ आणि आरसी यांची ठेवण त्यांपेक्षा बरीच वाकवणारी आहे.

आता ताकदीविषयी. आर१५ चे इंजिन सुमारे १८ अश्वशक्तीचे आणि गाडीचे वजन सुमारे १४० किलो. आरसी ३९० चे इंजिन सुमारे ४३ अश्वशक्तीचे आणि वजन सुमारे १७२ किलो. भागाकार केला तर दर किलोमागे मिळणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. सरावलेल्या चालकाला याच गोष्टीत आनंद असतो. नवशिक्याच्या बाबतीत मात्र काय घडते ते मी मैदानावर अनेकदा पाहिले आहे. खड्ड्यात किंवा क्लच सोडताना गाडी हिसका देते, चालक मागे फेकला जातो, आधारासाठी तो मुठी घट्ट आवळतो आणि त्या झटक्यात उजवी मूठ आणखी पिळली जाते. म्हणजे घाबरलेला माणूस नकळत रेस वाढवतो. १५० सीसीच्या गाडीवर या चुकीने गाडी थोडी उसळते आणि चालक सावरतो. दुप्पट ताकदीच्या गाडीवर सावरायला लागणारा वेळच मिळत नाही. ताशी ६० किलोमीटरला गाडी दर सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक, तर ताशी १०० ला जवळपास २८ मीटर अंतर कापते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे थांबण्याचे अंतर साधारण चौपट होते. त्यामुळे पहिल्या गाडीसाठी १५० ते साधारण २०० सीसी आणि सुमारे २५ अश्वशक्तीपर्यंतची मर्यादा मी सुचवतो. मुलगा उंचापुरा असेल आणि साधी गिअरची मोटारसायकल दोन-तीन वर्षे नीट चालवलेली असेल, तर २५० सीसीपर्यंत जायला हरकत नाही. निन्जा ३०० किंवा अपाचे आरआर ३१० या गाड्या उत्तम आहेत, पण त्या दुसरी गाडी म्हणून जास्त शोभतात.

ब्रेकच्या बाबतीत खरेदीदारांची एक समजूत हमखास चुकीची असते. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या मोटारसायकलींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे, पण नियमाला एका चाकावरचा म्हणजे सिंगल चॅनल एबीएसही चालतो. तो पुढच्या चाकापुरता काम करतो. घाबरून मागचा ब्रेक दाबला तर मागचे चाक जाम होऊन गाडी आडवी जाऊ शकते. नवशिक्याचा पाय मागच्या ब्रेकवर आधी जातो, म्हणूनच त्याला दोन्ही चाकांवरचा, ड्युअल चॅनल एबीएस हवा. काही हजार रुपयांचा फरक पडला तरी हा खर्च टाळू नये. आणि एबीएस असला तरी पुढचा ब्रेक कसा दाबायचा ते शिकावेच लागते. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम तेच चाक करते, पण ब्रेक झटक्याने न ओढता लिंबू पिळावे तसा हळूहळू दाबत न्यावा लागतो. हा सराव मोकळ्या मैदानात ताशी ३० च्या वेगाने सुरू करावा.

या सगळ्याची जबाबदारी घरच्यांवर येऊन पडते, कारण आपला कायदा इथे काहीच अडवत नाही. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना एकच आहे. ज्या मुलाने शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून परीक्षा दिली, तो दुसऱ्या दिवशी हजार सीसीची, दोनशे अश्वशक्तीची गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर आणू शकतो. युरोपात असे चालत नाही. तिथे १२५ सीसीचा, मग ३५ किलोवॉटपर्यंतचा आणि त्यानंतर अमर्याद ताकदीचा असे परवान्याचे टप्पे आहेत आणि कमी वयाच्या चालकाला मधल्या टप्प्यावर दोन वर्षे काढावी लागतात. जपानमध्ये सामान्य मोटारसायकल परवाना ४०० सीसीवर थांबतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक रस्त्यांवर मृत्युमुखी पडले आणि त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. एवढा आकडा समोर असताना टप्प्यांच्या परवान्याचा विचार केंद्र सरकारने करायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. कररचनेने मात्र लहान गाडीला नकळत हात दिला आहे. २२ सप्टेंबर २०२५ म्हणजे घटस्थापनेपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरील गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. तृतीय पक्ष विम्याचा हप्ताही ३५० सीसीच्या वर वेगळ्या, महागड्या गटात जातो.

वाचलेले पैसे हेल्मेट, हातमोजे, जॅकेट आणि घोटा झाकणारे बूट यांसाठी बाजूला काढावेत. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, पूर्ण चेहऱ्याचे आणि डोक्याला घट्ट बसणारे असावे. अठरा वर्षे पूर्ण नसतील तर गाडीचा विषयच काढू नये. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जुनी गाडी घेण्याचा सल्ला मी आवर्जून देतो, कारण पहिली गाडी एकदा तरी पडतेच आणि जुन्या गाडीच्या तड्याचे दुःख कमी असते. फक्त ती पारखून घ्यावी. हँडलची टोके, लिव्हर आणि इंजिनाच्या बाजूचे आवरण यांवर घासल्याच्या खुणा असतील तर गाडी पडलेली आहे. फेअरिंग नवीकोरी आणि फुटरेस्ट घासलेला दिसला तर पत्रा बदललेला आहे असे समजावे. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू फिरवावे. मधोमध अडल्यासारखे झाले तर बेअरिंग गेलेले आहे. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का आणि सरकारच्या एम-परिवहन ॲपवर थकीत चलन आहे का, हे तपासल्याशिवाय मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या होऊ देऊ नयेत.

आमच्या भागात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर बिनदिव्यांच्या ऊसट्रॉल्या असतात आणि वळणावळणावर सांडलेला ऊस चाकांखाली चेचून रस्ता बुळबुळीत झालेला असतो. वळणात झुकलेल्या स्पोर्ट बाईकला तेवढा ऊस पुरतो. पहिल्या पावसात तेल आणि धुळीचा थर वर आला की कराड-चिपळूण रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटात तीच अवस्था होते. नवशिक्याने पहिला हंगाम तरी रात्री आणि घाटात ही गाडी नेऊ नये.

भाच्याने ती गाडी तोट्यात विकली आणि १५५ सीसीची जुनी गाडी घेतली. आता रविवारी सकाळी आम्ही दोघे संस्थेच्या मैदानावर चुना टाकून रेषा आखतो आणि तो ब्रेकचा सराव करतो. माझी आपणास एकच विनंती आहे : पुढच्या वाहन पुरवणीत प्रत्येक मोटारसायकलीच्या चित्राखाली किंमत आणि सीसी यांच्याबरोबर सीटची उंची, गाडीचे वजन आणि एबीएस एका चाकावर आहे की दोन्ही, एवढ्या तीन बाबी त्याच अक्षरांत छापाव्यात.

आपला विश्वासू,
एक शिल्पनिदेशक, कराड (जि. सातारा)