नव्या शिक्षणाधिकाऱ्यांना एका जुन्या केंद्रप्रमुखाचं पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद.

साहेब, सप्रेम नमस्कार.

आपण नुकतेच रुजू झालात. शाल-श्रीफळ, बुके उरकले असतील. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा प्रमुख, म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता गोपनीय अहवालाची धास्ती नाही, म्हणून आपले लोक तोंडावर बोलणार नाहीत ते लिहितो.

गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख ही आपली फळी. आपण खुर्चीत बसल्यापासून ती आपल्याला जोखते आहे. पहिल्या भाषणाला टाळ्या पडल्या असतील, त्या सोडून द्या. आढावा बैठकीत जिल्हा परिषदेचे सीईओ साहेब एखाद्या आकड्यावरून भडकतील, तेव्हा आपण काय बोलता याकडे सगळ्यांचे कान आहेत.

मी दोन्ही प्रकार पाहिले. एका साहेबांनी भर बैठकीत मागे वळून आमच्याकडे बोट केलं, "मी तीनदा सांगितलं सर, हे लोक ऐकतच नाहीत." तेव्हापासून त्यांच्याकडे फक्त गोड आकडे जाऊ लागले. पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली आणि अहवालात स्थलांतरित विद्यार्थी निरंक, म्हणजे शून्य. साहेबांना वर्षभर पत्ता लागला नाही. आमचंही चुकलंच, पण खरं सांगून फाशी कोण जाणार?

पुढे त्याच खुर्चीत दुसरे साहेब आले. विद्यार्थ्यांच्या आधार जुळणीचं काम रखडलेलं, कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणारी संचमान्यता त्यावर अडकलेली. ते उभे राहिले नि म्हणाले, "मुदतच मी चुकीची दिली होती सर. चार दिवस द्या." त्या रविवारी कुणी न सांगता आम्ही केंद्रशाळेत बसलो होतो. वीज गेली तर मोबाइलच्या उजेडात.

दुसरी गोष्ट माहितीची. 'अतितात्काळ. आज सायंकाळी ५ पर्यंत. निरंक असल्यास निरंक कळवावे.' हा मेसेज दुपारी ३ ला येतो. पट यू-डायस, सरल अशा सरकारी पोर्टलवर आधीच भरलेला, तरी गुगल शीटमध्ये परत भरायचा. माझ्या केंद्रातल्या एका वस्तीशाळेचे गुरुजी रेंजसाठी टेकाडावर चढायचे आणि खाली दोन वर्ग मॉनिटरच्या हवाली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, निवडणूक, आपत्ती वगळता अशैक्षणिक कामं नकोत असं आहे. टेकाड चढणं कशात बसतं, ते आपणच ठरवा. आपल्या कार्यालयात आधीच असलेली माहिती पुन्हा मागायची नाही, एवढं एक पत्र काढा आणि स्वतः पाळा. जिल्हाभर नाव होईल.

केंद्रप्रमुख हे पद १९९४ साली निर्माण झालं ते शाळांना शैक्षणिक मदत मिळावी म्हणून. पुढे आमचं टपाल खातं झालं. अनेक पदं रिकामी, चार्ज एखाद्या शिक्षकाकडे, आणि त्याचा स्वतःचा वर्ग वाऱ्यावर. अशा माणसाला 'गुणवत्ता का नाही?' म्हणून नोटीस काढण्याआधी त्याच्या गाडीवर मागे बसून एक दिवस फिरा. साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा एक विभाग, गाजलं, राज्यभरचे शिक्षक तिथं बघायला गेले. कशाला? वर्गात पोरं शिकताना दिसत होती म्हणून. तिथली परिपत्रकं बघायला कुणी गेलं नाही.

बदल्यांचं आणि शिफारशींचं मुद्दाम लिहीत नाही. ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एक विनंती. केंद्रातले शिक्षक दर महिन्याला जमतात त्या शिक्षण परिषदेला या महिन्यात एखाद्या लांबच्या केंद्रात या. आधी कळवू नका, नाहीतर रांगोळी निघेल आणि अर्धा दिवस सत्कारात जाईल. मागच्या बाकावर बसा. आधी कुणी बोलणार नाही. चहानंतर बोलतील.

आपला,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख