सही करण्याआधी हिशेब मांडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लोकअदालतीत मोटार अपघाताचे इतके दावे तडजोडीने मिटले, इतक्या कोटींची भरपाई मिळाली, अशी बातमी आपल्या दैनिकात दर तीन-चार महिन्यांनी येते. या वेळची वाचली आणि पत्र लिहायला बसले. गेल्या वर्षीच्या अशाच एका बातमीतल्या आकड्यात माझ्या धाकट्या भावाचा दावाही होता. तो नीट मिटला, घरातल्या सगळ्यांच्या मनासारखा मिटला. पण त्याआधी तोच दावा 4 लाखांवर संपता संपता राहिला होता. त्या वेळी आम्हाला काय माहीत नव्हते, ते इतरांना वेळेत कळावे म्हणून हे लिहिते आहे.

भाऊ गवंडी. 2023 च्या फेब्रुवारीत, वयाच्या 34व्या वर्षी, कामावरून परतताना कराडच्या अलीकडे महामार्गालगतच्या सेवा रस्त्यावर उलट्या दिशेने आलेल्या पिकअपने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. उजव्या घोट्याचा चुरा झाला. तीन शस्त्रक्रिया, आत पट्टी आणि स्क्रू, आणि पाच महिने अंथरूण. तिसऱ्याच दिवशी पिकअपचा मालक फळे घेऊन दवाखान्यात आला. 25 हजार रुपये रोख आणि लिहून आणलेला एक कागद: ‘आमचे आपसांत मिटले असून आमची कोणतीही तक्रार नाही.’ काउंटरवर रोज डिपॉझिट मागत होते, तेव्हा ते पैसे आम्हाला देवाने धाडल्यासारखे वाटले. माझी भावजय मात्र म्हणाली, “ते पुरते शुद्धीवर येऊ देत, मग बघू.” तिच्या त्या एका वाक्याने आम्ही वाचलो. असा कागद पुढे दाव्यात आपल्याच विरुद्ध दाखवला जातो, हे आम्हाला फार नंतर समजले.

चार महिन्यांनी घरी एक गृहस्थ आले. विमा कंपनीकडून आलोय म्हणाले, बोलायला फार गोड. “कोर्टात गेलात तर दहा वर्षे चपला झिजवाल. आत्ता सही करा, 4 लाख खात्यावर.” त्यांनी आणलेल्या अर्जावर सही करायच्या जागी पेन्सिलने बारीक फुल्या मारलेल्या होत्या. खाली ओळ होती, ‘ही रक्कम पूर्ण व अंतिम असून यापुढे कोणताही दावा करणार नाही.’ भावाने माझ्याकडे पाहिले. “आक्का, करून टाकू का? निदान सोसायटीचं कर्ज तरी फिटंल.” मी शिक्षिका आहे, रोज पन्नास कागदांवर सह्या करते, आणि तरीही त्या क्षणी माझ्या तोंडून ‘कर’ असेच निघणार होते. उद्या सांगतो म्हणून कागद ठेवून घेतला, एवढेच शहाणपण सुचले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी कराडच्या न्यायालयात वकिली करते. त्याच रात्री तिच्याकडे गेले. तिने तोच अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. ते मी जसेच्या तसे देते.

गवंड्याची कमाई महिना 15 हजार धरली तर वर्षाची 1 लाख 80 हजार. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा आणि चाळिशीच्या आतला माणूस असेल, तर पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी त्यात 40 टक्के मिळवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या प्रणय सेठी निकालात घालून दिले आहे. आणि अशी वाढ जखमी होऊन कायमचे अधू झालेल्यांनाही मिळते. झाले 2 लाख 52 हजार. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. हा तक्ता 2009 च्या सरला वर्मा निकालातला. 31 ते 35 वयाला 16. गुणाकार 40 लाख 32 हजार. आता अपंगत्व 35 टक्के निघाले, तर कमाईचे नुकसान 14 लाख 11 हजारांच्या वर जाते. दवाखान्याचा खर्च, अंथरुणावरच्या महिन्यांची बुडालेली मजुरी, वेदना, पुढची शस्त्रक्रिया हे सगळे वेगळे. आणि समोर आलेला आकडा होता 4 लाख, सगळे धरून.

मग ती म्हणाली, “मॅडम, पण पस्तीस टक्के हे घोट्याचं माप आहे. दादाच्या कामाचं माप कोण घेणार?”

सगळे लिहायचे कारण हा प्रश्न आहे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्ह्याला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी कोनमापकासारखे साधन घोट्याला लावून पाऊल किती वर येते, किती खाली जाते ते अंश मोजले. काम त्यांनी मन लावून केले. दाखला 35 टक्क्यांचा. आता हाच घोटा माझा असता तर? मी खुर्चीवर बसून शिकवले असते, पगारात एक रुपयाही कमी झाला नसता. भावाला मात्र परांचीवर चढायचे असते. आडव्या बांबूवर पाऊल टाकले की घोटा वळावा लागतो, तळव्याला बांबूची गोलाई धरावी लागते, आणि त्याच वेळी एका हातात घमेले असते. अपघातानंतर आठव्या महिन्यात तो हट्टाने एका कामावर गेला. थापी हातात घेतली, ओळंबा सोडला, कमरेएवढी भिंत झकास केली. मग पहिल्या आडव्या बांबूवर उजवा पाय ठेवला आणि तसाच थांबला. दोन्ही हातांनी उभा वासा धरून बराच वेळ उभा राहिला आणि खाली उतरला. मुकादमाने त्याला काही विचारले नाही. त्या दिवसानंतर तो परांचीवर चढलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात हेच सांगितले आहे. डावा हात गमावलेल्याच्या दाखल्यावर टक्केवारी 60 असली, तरी तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्णच जाते. सरकारी कारकून असेल तर नोकरी राहूही शकते. म्हणून न्यायाधिकरणाने, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे जिथे चालतात त्या न्यायालयाने, टक्क्याबरोबर माणसाचे कामही पाहायचे असते. भावाच्या बाबतीत काम धरून 70 टक्के म्हटले, तर तोच हिशेब 28 लाख 22 हजारांवर जातो. विमा कंपनीचे वकील साहजिकच उलट बाजूने ओढतात: एका पायाचे 35 म्हणजे सगळ्या शरीराचे त्याहून कमी, असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्यामुळे दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी न्यायालयात येऊन, हा माणूस उंचीवर उभा राहून काम करू शकत नाही, हे शब्दांत सांगावे लागते. आमच्या डॉक्टरांनी ते सांगितले. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

कमाई सिद्ध करणे ही दुसरी अडचण. गवंड्याला कुठले पगारपत्रक? आमच्या कामी आली ती मुकादमाची हजेरीची वही, खाड्यांसकट, दर आठवड्याच्या वाटपाची. आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे नोंदणीकार्ड, जे भाऊ एरवी कपाटाच्या तळाशी टाकून विसरला होता. मजुरी करणाऱ्या प्रत्येकाने हे कार्ड काढावे आणि जपावे. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही पैशाचे मोल धरावे लागते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ‘ती काही कमवत नव्हती’ असे म्हणून कोणी रक्कम कमी सांगत असेल तर ऐकून घेऊ नका. मेडिक्लेममधून बिल मिळाले म्हणून भरपाईतला औषधोपचाराचा खर्च कापता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये दिला आहे.

मुदतीविषयी मात्र सावध राहा. एप्रिल 2022 पासून दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करावा, अशी तरतूद पुन्हा लागू झाली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नये. सहा महिने म्हणजे एका मोठ्या दुखण्याला लागतात तेवढेच दिवस. आम्ही जुलैत दावा दाखल केला तेव्हा भाऊ वॉकर धरून चालत होता. दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो असेही नाही, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. वकिलाने भरपाईत टक्का ठरवून घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कामगार यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार मिळतात. हे माहीत नसल्यामुळे अर्जच न केलेली दोन घरे आमच्याच गल्लीत आहेत.

तडजोडीला माझा विरोध नाही. विमा कंपनीने न्यायाधिकरणापुढे तपशिलासह प्रस्ताव ठेवावा, दावेदाराला तो मान्य असेल तर नोंद होऊन 30 दिवसांत पैसे मिळावेत, मान्य नसेल तर सुनावणी व्हावी, असे मोटार वाहन कायद्याचे 149वे कलम सांगते. हा राजमार्ग आहे. घरच्या ओट्यावर पेन्सिलच्या फुल्या मारून आणलेला कागद त्यात बसत नाही. लोकअदालतीतही सही करण्याआधी विचार पक्का हवा, कारण तिच्या निवाड्यावर अपील नाही. आम्ही तिथे बसलो तेव्हा आकडा आमच्या डोक्यात होता. समोरून 15 लाखांपासून सुरुवात झाली, शेवटी सगळे धरून 21 लाखांवर मान्य केले. त्यातले 12 लाख बँकेत मुदत ठेवीत आहेत, व्याज भावाच्या खात्यावर येते. अपिलाची वर्षे टळली, म्हणून त्याहून जास्त ओढून धरले नाही.

संपादक महोदय, आपल्या जिल्हा पानावर रोज एक तरी अपघाताची बातमी असते. त्या बातमीखाली दोन ओळींची चौकट छापावी, ही कळकळीची विनंती: दाव्याची मुदत सहा महिने, आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता. दवाखान्यात नातेवाईक रात्रभर जागे असतात, सकाळी कुणीतरी पेपर आणतो आणि पहिल्यांदा ती बातमीच उघडतो. आम्हीही तेच केले होते.

आपली,
एक शिक्षिका, ता. कराड, जि. सातारा