थैलीवर ठेवलेल्या तळहाताबद्दल

आदरणीय काका,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमचे नाव असे जाहीरपणे लिहिलेले तुम्हाला आवडणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झाल्यापासून आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीत दर रविवारी दानाची थैली फिरवणारे काका एवढे म्हटले तरी ओळखणारे ओळखतील.

माझे आणि ताईचे बोलणे नऊ वर्षे बंद होते. वडील गेल्यानंतर मी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि घरटॅक्सवर नाव चढवण्यापुरता हा कागद आहे असे तिला सांगितले. 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आम्हा ख्रिस्ती लोकांत मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच असतो, आणि सारी उमर बँकेत काढलेल्या मला ते चांगले ठाऊक होते. लोकांना मात्र मी एवढेच सांगत आलो, की ताईने क्षुल्लक कारणावरून नाते तोडले.

ही कैफियत मी अनेकांपुढे मांडली होती. एका पाळकसाहेबांनी ‘घरचा मामला आहे, आपण प्रार्थना करू’ म्हणून डोळे मिटले. कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी ‘तुम्हीच मोठ्या मनाने माफ करून टाका’ असा सल्ला दिला, आणि तो मला फार आवडला, कारण माफ करणाऱ्याचीच चूक असेल अशी शंका कोणाला येत नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, ही गोष्ट आमच्याकडे व्यासपीठावरून अभिमानाने सांगितली जाते. त्या ऐक्याच्या वाटाघाटी 1929 पासून चालल्या होत्या, हेही सांगतात. ती भाषणे ऐकताना ताई डावीकडच्या बाकांवर आणि मी उजवीकडच्या बाकांवर बसलेलो असे, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

तुम्ही माझी हकिगत फाटकापाशी उभे राहून पूर्ण ऐकून घेतलीत आणि एकच प्रश्न विचारलात, ‘कागदावर सही कोणी घेतली?’ मी विषय बदलला.

पुढच्या रविवारी थैली माझ्यासमोर आली. मी दुमडलेली नोट पुढे केली, तेव्हा तुम्ही त्या जांभळ्या मखमली थैलीच्या तोंडावर आपला तळहात ठेवलात. अंगठ्यापाशी भाजल्याची जुनी खूण असलेला तो हात मला अजून दिसतो. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तुम्ही फक्त एकदा डावीकडच्या बाकांकडे पाहिलेत आणि पुढच्या माणसाकडे गेलात. शेजाऱ्याच्या ते लक्षातही आले नसावे. नोट मात्र माझ्या मुठीत घामाने ओली झाली.

त्या रात्री मी मत्तयकृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढला. वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, हे वचन मला लहानपणापासून पाठ होते. पण त्या माणसाला भावाचा राग आलेला नाही, भावाच्याच मनात त्याच्याविरुद्ध काही आहे, हे मी पन्नाशी उलटल्यावर प्रथमच नीट वाचले. देवाने ख्रिस्ताच्या द्वारे आपल्याशी समेट केला आणि समेटाची सेवा आपल्यावर सोपवली, असे पौल करिंथकरांना लिहितो. ती सेवा म्हणजे पाळकांचे खाते, असे मी समजत होतो.

मे महिन्यातल्या त्या दुपारी तुम्ही माझ्याबरोबर जरीपटक्यापर्यंत आलात, पण ताईच्या घरात यायला तयार झाला नाहीत. ‘मी आत आलो, तर तुम्ही दोघे माझ्याशीच बोलाल,’ असे म्हणून तुम्ही रस्त्यापलीकडच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत उभे राहिलात. दार उघडल्यावर मला एक शब्द सुचेना. ताईने माझ्या खांद्यावरून बाहेर पाहिले आणि नऊ वर्षांनंतरचे तिचे पहिले वाक्य होते, ‘अरे, त्यांना उन्हात कशाला उभं केलंस?’ भाचीच्या हाती तिने तुमच्यासाठी पन्ह्याचा पेला पाठवला, आणि तेवढ्या वेळात मला ‘ताई, मी तुला फसवलं’ असे म्हणता आले.

पुढे कागदांचे काय झाले, ते इथे लिहिण्याचे कारण नाही. तिचा वाटा आता तिच्या नावावर आहे. तिने मला पूर्ण क्षमा केली आहे असेही मी म्हणणार नाही. अजून एखाद्या रविवारी ती गप्प असते, आणि तो तिचा हक्क आहे. शुभवर्तमानातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती. मी तर जे तिचेच होते तेवढेच दिले.

शहाणपण सांगणारे चर्चमध्ये रगड आहेत, काका. दुसऱ्याच्या घरासाठी भर दुपारी तासभर उन्हात उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला.

ताईने निरोप दिला आहे: येत्या गुरुवारी रात्री तिच्याकडे जेवायला यायचे आहे, काकूंना घेऊन. आणि या खेपेस रस्त्यापलीकडे थांबायचे नाही, असे तिने दोनदा बजावले आहे.

आपला ऋणी,
उजवीकडच्या बाकावरून उठलेला एक सभासद
नागपूर