जनुक कोषात थोडा समुद्रही ठेवा : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सादर नमस्कार.

समुद्राचं पत्र वनमंत्र्यांना कशाला, असं आपल्या कार्यालयात कुणाला तरी वाटेल आणि ते 'पुढील कार्यवाहीसाठी' मत्स्यव्यवसाय खात्याकडे रवाना होईल. म्हणून आधीच सांगतो. राज्याचं जैवविविधता मंडळ आपल्या खात्याचं आहे, कांदळवन कक्षही आपलाच. आणि एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाखांचा जो 'महाराष्ट्र जनुक कोष' मंजूर केला, त्याच्या सात विषयांत सागरी जैवविविधता हा एक विषय आहे. त्या कोषात मला जागा हवी आहे. समुद्राच्या पाण्यासाठी.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. थंडी सुरू झाली की आमच्याकडे एखाद्या रात्री फोन येतो, "सर, पाणी पेटलंय." पुळणीवर जावं तर लाट फुटताना निळी होऊन फुटते, ओल्या वाळूत पाय टाकला की पावलाभोवती ठिणग्या. अलीकडे लोक गाड्या घेऊन बघायला येतात, व्हिडिओ काढतात, दोन दिवस वर्तमानपत्रांत फोटो झळकतात. मग पाणी विझतं आणि विषयही.

ही ठिणगी म्हणजे बहुतेक वेळा नॉक्टिल्युका सिंटिलान्स नावाचं प्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारा इवलासा जीव. एकपेशीय, पण फुगल्यावर नुसत्या डोळ्यांना टिंबासारखं दिसावं इतकं मोठं. थेंब काचेवर घेऊन भिंगाखाली धरला की साबुदाण्याच्या शिजलेल्या दाण्यासारखा पारदर्शक गोळा आणि त्याला एक शेपटी. याचे दोन प्रकार आहेत. लाल म्हणतात तो नुसता खादाड, समोर येईल ते गिळणारा. हिरव्याच्या पोटात मात्र हजारो हिरव्या पेशी भाडेकरूसारख्या राहतात, उन्हात अन्न तयार करतात आणि मालकालाही पोसतात. नाव एक, संसार दोन.

उत्तर अरबी समुद्रात, ओमानपासून गुजरातच्या बाजूपर्यंत, गेल्या पंचवीसेक वर्षांत हिवाळ्यात हा हिरवा प्रकार प्रचंड माजू लागला. पूर्वी त्या दिवसांत तिथे डायटमचं, म्हणजे सिलिकेटपासून काचेसारखं कवच घडवणाऱ्या एकपेशीय प्लवकाचं राज्य असे. मूळचे गोव्याचे जोकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१४ मध्ये मांडलं की पाण्यातला प्राणवायू घटत चालल्यामुळे हे घडतंय. इतर भारतीय शास्त्रज्ञांनी त्याला हरकत घेतली. त्यांच्या मते गोष्ट पोषक द्रव्यांची, विशेषतः सिलिकेटच्या टंचाईची आहे. वाद चालू आहे, चालू द्या. पण आमच्या किनाऱ्यावर दरवर्षी पेटतं ते नेमकं कुठलं, त्याचं गोत्र ओमानकडच्याशी जुळतं की केरळकडच्याशी, हे आज मला कुणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. आणि चूक माझीच आहे.

माझ्या प्रयोगशाळेत लाकडी कपाट आहे. त्यात वीस वर्षांच्या बाटल्या, प्रत्येकीवर तारीख, भरती की ओहोटी, आणि जिच्यावरून जाळं ओढलं त्या होडीचं नाव. मला कपाटाचा अभिमान होता. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, यातला डीएनए काढायचा का?" मी गप्प झालो. सगळ्या बाटल्या फॉर्मेलिनच्या. फॉर्मेलिन आकार छान राखतं आणि डीएनएचे तुकडे करून तो जखडून टाकतं. वीस वर्षं मी टरफलं जपत आलो.

आकार राखला तर बिघडलं कुठे, असं आपण विचाराल. स्केलेटोनेमा कोस्टॅटम हे नाव आपल्या किनाऱ्याच्या जवळपास प्रत्येक यादीत आहे. माळेसारखं डायटम, आम्ही डोळे मिटून लिहायचो. २००५ मध्ये जनुकं आणि सूक्ष्म रचना एकत्र तपासून या एका नावाआड दडलेल्या चार नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या. खरा कोस्टॅटम मुख्यतः उष्ण पाण्यातला निघाला. थंड प्रदेशातल्या यादीतला 'कोस्टॅटम' बऱ्याचदा दुसराच कुणी. माझ्या वह्यांत हे नाव किती वेळा आलंय ते मी मोजलेलं नाही, मोजणारही नाही.

नॉक्टिल्युकाचंच बघा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिॲटलजवळच्या प्युजेट साउंडमध्ये राहणारा नॉक्टिल्युका चमकतच नाही. तेच नाव, तोच गोळा, पण दिवा नाही.

सूक्ष्मजीव सगळीकडे सारखेच पोचतात, निवड फक्त परिस्थिती करते, असं १९३४ मध्ये डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांनी म्हटलं आणि ते सूत्र कितीतरी वर्षं चाललं. निवडीचं म्हणणं खोटं नव्हतं. 'टारा' ही फ्रेंच शिडाची नौका २००९ ते २०१३ जगाचे समुद्र गाळत फिरली, २०१० मध्ये अरबी समुद्रातही येऊन गेली. २०१५ मध्ये त्या पाण्यातून निघालेल्या चार कोटी जनुकांची यादी प्रसिद्ध झाली, तीही मुख्यतः जिवाणू आणि विषाणूंचीच. वरच्या थरात कुठे कोणाची वस्ती हे सर्वांत जास्त तापमानाशी बांधलेलं दिसलं. समुद्र तापला की वस्तीही हलणार. आज इथे कोण राहतं हे टिपून ठेवलं नाही, तर उद्या कोण गेलं ते कळणार कसं?

आपल्याकडे काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात कांदोळीसमोर ठरलेल्या जागी १९९७ पासून पाणी तपासत आली आहे. त्याच संस्थेची 'सिंधू साधना' मार्च २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून हिंद महासागराच्या जनुकांचा नकाशा काढायला निघाली होती, २५ कोटींच्या प्रकल्पावर. पण ती मोठी जहाजं, खोल पाण्याची. खाडीच्या तोंडाशी, डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं लागतं तिथे, ती येणार नाहीत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचा कारभार राज्याचा आहे, तेव्हा तिथलं पाणी राखणंही राज्यालाच शोभेल.

आणि पोटाचाही प्रश्न आहेच. बांगडा आणि तारली प्लवकांवर जगतात. विशिष्ट डायटम वाढला की तारली चांगली येते, हे केरळ किनाऱ्यावरच्या अभ्यासकांनी १९५५ मध्येच लिहून ठेवलं. बोंबील जवळा खातो, आणि जवळा म्हणजे तरी काय, प्रवाहाबरोबर वाहणारी इवलीशी कोळंबी, डोळ्यांना दिसणारं प्लवकच. भाकरीबरोबर सुका जवळा खाणाऱ्या महाराष्ट्राला प्लवक हा शब्द परका वाटावा, याची मला गंमत वाटते.

मागणी छोटी आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत काही ठरलेल्या जागा निवडा, किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांच्या आवाक्यातल्या. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तिथीला, म्हणजे भरतीचा हिशेब जुळेल, तिथलं पाणी घ्यायचं. अर्धं फॉर्मेलिनमध्ये, आकारासाठी. उरलेलं बारीक गाळणीतून गाळून ती चकती उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये, जनुकांसाठी. चकती रुपयाच्या नाण्याएवढी असते. पंचवीस वर्षांचा सगळा किनारा दोन-चार फ्रीजरमध्ये मावेल. वीज गेली तरी फ्रीजर चालला पाहिजे, एवढं मात्र लेखी द्या. जनरेटरच्या डिझेलचं बिल कुणी भरायचं यावर असल्या योजना मरतात. जनुकवाचन आज परवडत नसेल तर दहा वर्षांनी करा, ते स्वस्तच होत चाललंय. पण तेव्हा आजचं पाणी विकत मिळणार नाही.

सुरुवात डहाणूपासून करा, असा माझा आग्रह आहे. तिथल्या वाढवण बंदराला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. बंदर हवं की नको या वादात मी इथे पडत नाही. मोठी जहाजं तोल सांभाळायला टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून घेतात, त्याबरोबर तिथलं प्लवकही येतं. असे पाहुणे रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला, तरी पाहुणा ओळखायचा तर आधी घरचे कोण हे ठाऊक हवं. जहाजं यायच्या आधीची एक तरी बाटली आपल्या कोषात असू द्या.

जनुक कोषाची पाच वर्षं २०२७ मध्ये पुरी होतात. त्याआधी एकदा आमच्याकडे या, शक्यतो थंडीतल्या अमावास्येला. पाणी पेटेलच असा शब्द देत नाही. होडी आहे, जाळं आहे, विद्यार्थिनीने नव्या बाटल्याही धुऊन ठेवल्या आहेत. चामड्याचे बूट तेवढे गाडीतच ठेवा, आमच्या जेटीच्या पायऱ्या फार बुळबुळीत आहेत.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक शिक्षक,
जि. रत्नागिरी