तुझं टेबल

प्रिय दोस्ता,

आठ महिने पत्र नाही. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. रागाव, पण आधी वाच. शुगर आटोक्यात, गुडघा तसाच.

मंगळवारी रात्री आक्काचा फोन आला, वाडीवर आरोग्याचं काम बघणारी आपली बाई. वरच्या वाडीतली पहिलटकरीण, नववा महिना. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी. आक्काने बीपी बघितलं, १७०/११०. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण फोनवर एक शब्द फुकट गेला नाही. मी जीप काढली, पोचल्याबरोबर झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दोन्ही बाजूंना पाच-पाच ग्रॅम दिलं आणि तिला तालुक्याला नेलं. तिथे त्या रात्री भूलतज्ज्ञ नव्हता. मग जिल्ह्याला. तीन तास गेले. पोरगी वाचली. बाळ पोटातच गेलं.

परतताना आक्का एवढंच म्हणाली, "डॉक्टर, म्या येळंवर सांगितलं व्हतं ना?"

तेव्हापासून झोप नाही. कारण हे तू जामखेडलाच बोलला होतास. बायांचा वर्ग बघून आलो त्या रात्री मी तुला छळत होतो: १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे इथे आले, लोकांना आधी पाणी हवं होतं तर आधी पाण्याचं बघितलं, गावच्याच बायांना आरोग्याचं काम शिकवलं, बऱ्याचशा दलित, निरक्षर. आधी हजारात १७६ बाळं वर्षाच्या आत जायची, ते या बायांनी खाली आणलं. आणि तुझं एकच, "ऑपरेशनचं टेबल नसेल तर ही बाई वाईट बातमी लवकर आणेल, बास." मी तुला कसाई म्हणालो. नगरच्या स्टँडपर्यंत तू तोंड उघडलं नाहीस, उघडलंस ते माझ्या वाटणीची भेळ खायला. ती उधारी अजून आहे, लेका.

भांडणाच्या नादात आपल्याला दिसलंच नाही, की आरोळ्यांचं इस्पितळही तिथेच होतं. बाई पाठवायची आणि इकडे टेबल तयार असायचं. मी तिथून नुसत्या बाया घेऊन आलो. एका वाडीच्या अकरा वाड्या केल्या, हगवणीने मूल गेल्याचं आता आपल्या डोंगरात ऐकू येत नाही. पण ती पोरगी अडली तेव्हा माझ्याकडे काय होतं? जीप.

आता रविवारी विश्वस्तांची सभा आहे. एक देणगीदार हायवेला वीस खाटांची इमारत बांधून देतोय, ऑपरेशन थिएटरसकट. चालवायचा खर्च मात्र आपला. म्हणून वाड्यांवरचे दवाखाने बंद करायचे, बायांचं मानधन थांबवायचं, त्या पैशात भूलतज्ज्ञ ठेवायचा. मंगळवारनंतर मला नाही म्हणवत नाही. आणि हो म्हटलं तर १७०/११० बघणार कोण? हायवेवरून वरच्या वाडीचे सुजलेले पाय दिसत नाहीत रे. आक्काला मी काय तोंडाने सांगू, की तू वेळेवर सांगितलंस म्हणून आता तुझी गरज नाही?

तू तुझं इस्पितळ बारा खाटांवर उभं केलंस. मला हिशोब काढून दे. किती लहान टेबल चालेल, भूलतज्ज्ञ आठवड्याचे किती दिवस मिळाला तरी भागेल, म्हणजे बायांच्या पैशाला हात लावावा लागणार नाही. जमलं तर सभेलाच ये. तुझं ते ऐकतील, मी हट्टी आहे हे सगळ्यांना पाठ झालंय.

वहिनींच्या डोळ्याचं नीट झालं ना? लेक जर्मनीला गेल्याचं कळलं, तिला आशीर्वाद. दादांच्या वर्षश्राद्धाला आलो नाही, त्याबद्दल समोरासमोर बोलेन.

रविवारच्या आत फोन कर. उचलीन.

तुझाच